जिन्याखालचं केंद्र

आमच्या घरात टीव्हीवरून जेवढी वादावादी झाली तेवढी पैशांवरून किंवा सासर-माहेरावरून कधी झाली नाही. आणि तीही काय बघायचं यावरून नाही, कशातून बघायचं यावरून. ऑफिसातल्या एका इंग्रज मित्राला मी हे सांगितलं, तेव्हा त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

त्या वर्षांत इंग्लंडात जाहीर झालं होतं की छपरावरच्या अँटेनाला येणारं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्यानं बंद होणार आणि सगळं डिजिटल होणार. म्हणजे आमच्या जुन्या टीव्हीला काहीतरी जोडावं लागणार होतं. बायकोचं म्हणणं सरळ होतं. दुकानात जायचं, तयार बॉक्स आणायचा, चॅनेल पकडणारा ट्यूनर त्यातच, रेकॉर्डिंगची डिस्क त्यातच, रिमोट एक, आणि सोफ्यावर बसायचं. मला ते पटत नव्हतं. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, आणि आमच्या धंद्यातल्या लोकांना तयार वस्तू विकत घेताना उगीचच कमीपणा वाटतो. मला स्वतः सर्व्हर बांधायचा होता. जुन्या कॉम्प्युटरमध्ये ट्यूनर कार्डं बसवायची, मोठी डिस्क टाकायची, फुकट मिळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर चढवायचं, ते धूड जिन्याखालच्या कपाटात ठेवायचं आणि तिथून केबलनं प्रत्येक खोलीत चित्र पाठवायचं. बायको हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट. ती म्हणाली, दिवसभर मी पेशंटना सांगते की घरच्या घरी काही कुटून-मिसळून घेऊ नका, आणि माझ्याच घरात हा उद्योग.

निकाल बाबांनी लावला. आई गेल्यावर मी बाबांना कॉव्हेंट्रीला कायमचं घेऊन आलो होतो. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, गावाबाहेरच्या टेकडीवर, सरकारी टीव्हीचं छोटंसं प्रक्षेपण केंद्र होतं. बाबा तिथे टेक्निशियन होते. उपग्रहावरून आलेलं चित्र धरायचं आणि टॉवरवरून गावात सोडायचं, एवढंच काम. पण गावात त्यांना कलेक्टरपेक्षा जास्त लोक ओळखायचे. दोन्ही बाजू ऐकून घेतल्यावर ते बायकोला म्हणाले, "पोरी, बंद डबा बिघडला तर आपण नुसतं त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं. उघडं असलं की हात तरी घालता येतो." सासऱ्यांशी ती वाद घालणार नव्हती. माझ्याकडे मात्र तिनं असं पाहिलं की पुढे जे होईल ते तुझ्या जबाबदारीवर.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही बापलेकांनी डायनिंग टेबलावर तो सर्व्हर बांधला. चार दिवस घर पोळी-भाजी हातात घेऊन जेवत होतं, कारण टेबलावर स्क्रू पसरले होते. कार्डाला हात लावायच्या आधी बाबा दर वेळी खोली गरम ठेवणाऱ्या लोखंडी रेडिएटरला बोट लावून यायचे. अंगातली स्थिर वीज उतरवायची ही त्यांची जुनी सवय. डिजिटलमधलं त्यांना फारसं कळत नव्हतं आणि कळत नाही हे सांगायला त्यांना लाजही वाटत नव्हती. मी काहीतरी पाच मिनिटं समजावून सांगायचो, ते मान हलवायचे आणि विचारायचे, "बरं, हवा कुठून जाते आत?"

मग अँटेना. मी माळ्यावर, पोटावर सरपटत. बाबा खाली टीव्हीसमोर. आणि मधल्या जिन्यात माझी मुलगी, इथेच जन्मलेली, आमचे निरोप वरखाली पोचवत. आलं का? नाही. आता? नाही. आपल्याकडे प्रत्येक घराच्या गच्चीवर हा संवाद झालेला आहे, पण तिच्यासाठी तो नवीन होता आणि ती हसून लोळत होती. फरक इतकाच की डिजिटलमध्ये "आलं का"ला "थोडं थोडं" असं उत्तरच नसतं. बराच वेळ काहीच नाही आणि मग एकदम सगळं. मी धुळीनं माखून खाली आलो तेव्हा पडद्यावर स्नूकरचं हिरवं टेबल लख्ख दिसत होतं. बाबा त्याच्याकडे बघत बसले होते, पण खूश नव्हते.

"याच्यात मधलं काहीच नाही का रे?" त्यांनी विचारलं. "आपल्याकडं आधी मुंग्या, मग सावली, मग माणूस. जाताना पण तसंच जायचं. आधी कळायचं तरी."

त्यानंतरची साधारण दोन वर्षं आमच्या घरातली सगळ्यात चांगली वर्षं होती, असं मी आज छातीठोकपणे म्हणतो. तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं. आम्ही कामाला आणि मुलगी शाळेत गेली की बाबा जिन्याखालचं कपाट उघडून सर्व्हरची पाहणी करायचे. दिवे बघायचे, पेटीवर तळवा ठेवून ती किती तापलीय ते बघायचे. त्याला ते केंद्र म्हणायचे. भिंतीवरच्या त्याच्या प्लगचं बटण कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्यांनीच त्यावर चिकटपट्टी लावली होती. संध्याकाळी मी बूट काढत असतानाच अहवाल मिळायचा, की केंद्र व्यवस्थित, दुपारी जरा गरम होतं. स्नूकर त्यांना फार आवडायचं. कुणी ओरडत नाही, म्हणायचे.

एकदा रविवारी जेवताना मुलीनं विचारलं की तुमच्या केंद्रात टीव्ही बंद पडला तर काय करायचात. तेव्हा त्यांनी पाटीची गोष्ट सांगितली. मराठी घरांत त्या काळी टीव्ही असलेल्या कुणालाही ती पाटी ठाऊक आहे. कार्यक्रम मध्येच तुटला की पडद्यावर एकच शब्द यायचा, व्यत्यय. बाबांच्या केंद्रात निळ्या रंगावर पांढरी अक्षरं होती, गावातल्या पेंटरनं काढून दिलेली, कोपऱ्यात एक फूल. उपग्रहाचं चित्र गेलं की पहिलं काम पाटी लावायची, दुरुस्ती नंतर. कारण पडदा काळा झाला की लोक टेकडीवर चालून यायचे, रविवारच्या सिनेमाला तर काठ्या घेऊन. पाटी लागली की तेच लोक चहा ठेवायचे आणि थांबायचे. बाबा म्हणाले, पाटीचा अर्थ बिघडलंय असा नाही. पाटीचा अर्थ इथं कुणीतरी ड्यूटीवर आहे, हात चालू आहे.

आणि एक नियम सांगितला. प्रक्षेपण संपलं की पाटी ठेवायची नाही. एकदा एक नवा माणूस केंद्र बंद करताना पाटी तशीच ठेवून घरी गेला. गावात एक निवृत्त मास्तर एकटे राहायचे. पाटी आहे म्हणजे चित्र येणार, म्हणून ते खुर्चीत बसून राहिले ते सकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः त्यांच्याकडे जाऊन माफी मागून आले. हे सांगताना बाबांचा घास हातातच राहिला होता. चूक त्यांची नव्हती, तरी.

मग एके दिवशी मी घरी आलो तर सर्व्हर बंद. भिंतीवरची चिकटपट्टी सोलून काढलेली आणि बटण वर केलेलं. घरातून निघताना गॅस बघायचा, मेन बंद करायचा, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त. इथं तर प्रत्येक प्लगला बटण, त्यामुळे बाबा बाहेर फिरायला जाताना अख्ख्या घरातली बटणं बंद करत जायचे. टोस्टर, घड्याळ, सगळं. पण केंद्र कधी नाही. सर्व्हर असा तडकाफडकी बंद केला की डिस्कवरची माहिती विस्कटते. त्या दिवशी तशी ती विस्कटली. मुलगी तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत रडत म्हणाली, "आजोबा माझा सगळा सिरीज घालवला." मी रात्रीचं जेवण बाजूला सारून ते निस्तरलं आणि बाबांना जरा चढ्या आवाजात विचारलं की काहून बंद केलं.

"शिफ्ट संपली ना," ते म्हणाले.

मी नवी चिकटपट्टी लावली. त्याच आठवड्यात तीही निघाली.

जीपीनं, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरनं, आम्हाला हॉस्पिटलच्या मेमरी क्लिनिकला पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी बाबांना घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी पेन्सिलनं अर्धगोल काढला, त्यावर बारीक रेषा आखल्या आणि काटा बरोबर मध्यावर ठेवला. तो केंद्रातला सिग्नलचा मीटर होता. मी तो लहानपणी शंभरदा पाहिला होता. काटा अगदी ठीक ठिकाणी होता, पण मला हे डॉक्टरबाईंना सांगता आलं नाही. मी ते बायकोला मराठीत सांगितलं. तिनं माझ्या वतीनं त्यांना सांगितलं.

घरी आल्यावर ती म्हणाली की आता हट्ट सोड. त्यांना रिमोटवर दोनच बटणं हवीत, आणि भिंतीवरून बंद केलं तरी मरणार नाही असं काहीतरी हवं. तिचं शंभर टक्के बरोबर होतं. शनिवारी आम्ही तयार बॉक्स आणला आणि बाबांच्या खोलीत लावला. मी जिन्याखालच्या कपाटाला कुलूप घातलं. दिवसातून कधीतरी बाबा खाली येऊन कपाटाच्या दारावर तळवा ठेवून उभे राहायचे. आत पंख्याची घरघर ऐकू आली की पुन्हा वर जायचे.

बॉक्सनं आमचा घात केला तो वेगळ्याच गोष्टीनं. त्याच्यात वाईट काही नव्हतं. पण सिग्नल तुटला, किंवा बाबांच्या हातून भलतंच बटण दाबलं गेलं, की पडदा रिकामा व्हायचा आणि त्यावर इंग्रजीत सिग्नल नसल्याची एक चौकट इकडून तिकडे तरंगत राहायची. तुम्हीआम्ही रिमोट आपटतो आणि पुढे जातो. बाबांचा हिशेब वेगळा. चित्र गेलं, पाटी नाही, म्हणजे गाव आता टेकडी चढणार. ते खाली यायचे, दार उघडायचे आणि लोकांना समजावायला फाटकात जाऊन उभे राहायचे. शेजारच्या इंग्रज आजींनी त्यांना पहिल्यांदा आत आणून बसवलं तेव्हा त्यांच्या पायांत सपाता होत्या आणि अंगात नुसता बनियन. रस्त्यानं जाणाऱ्यांना ते हात जोडून मराठीत सांगत होते, आजींना त्यातलं अवाक्षर कळलं नव्हतं. पण ते कशाची तरी क्षमा मागतायत एवढं त्यांना समजलं होतं.

नंतर ते फाटकाबाहेरही जाऊ लागले. एकदा बसच्या रस्त्यापर्यंत गेले. दुपारी एक बाई त्यांच्या देखभालीला यायच्या, पण बाकी वेळ ते एकटे असायचे. कौन्सिलच्या सोशल वर्करनं घरी येऊन अगदी सौम्य शब्दांत सांगितलं की हे असं चालू राहिलं तर त्यांना केअर होममध्ये ठेवण्याचा विचार करावा लागेल. त्यांनी दिलेली माहितीपत्रकं मी चाळली. बागा छान होत्या. पण तिथं मराठी बोलणारं कुणी नसणार, आणि बाबांचं इंग्रजी तर आधीच निघून गेलं होतं. मला रात्रंदिवस एकच धास्ती होती, की त्यांना तिथं सोडून मी गाडीत बसणार आणि ते दारात उभे राहून कुणालातरी हात जोडणार.

तेव्हा मला पाटी सुचली. तयार बॉक्समध्ये हात घालता येत नाही, बाबा म्हणाले होते तसं. पण जिन्याखालच्या सर्व्हरला मी काहीही करायला लावू शकत होतो. मी बॉक्स काढला, सर्व्हरकडून येणारं चित्र पुन्हा बाबांच्या खोलीत जोडलं आणि असं लिहिलं की चित्र कुठल्याही कारणानं थांबलं की पडद्यावर निळी पाटी यावी, आणि कुठलंही बटण दाबलं की पुन्हा स्नूकरचं चॅनेल. पहिली पाटी मी कॉम्प्युटरच्या अक्षरांत केली. बाबांनी ती पाहिली आणि म्हणाले, ही आपली नाही. ते उठून दाराकडे निघाले.

दुसरी पाटी बायकोनं काढली. या सगळ्या सर्व्हर प्रकरणाला जिनं पहिल्या दिवसापासून नाकं मुरडली होती, तिनं ड्यूटीवरून आल्यावर कोट न काढता मुलीचे रंग घेतले आणि जाड कागदावर निळा हात मारून त्यावर ब्रशनं अक्षरं काढली. बाबांना शेजारी बसवून घेतलं. त्यांना त्या दिवशी सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, पण 'व्य'चं जोडाक्षर कसं वळवायचं आणि फूल कुठल्या कोपऱ्यात ते पक्कं ठाऊक होतं. मी तो कागद स्कॅन केला. पडद्यावर पाटी आली तेव्हा बाबा खुर्चीत मागे टेकून बसले आणि म्हणाले, "हं. आता थांबतील."

त्यानंतर ते फाटकाबाहेर गेले नाहीत. सोशल वर्करला मी कारण समजावायचा प्रयत्न केला. त्या मन लावून ऐकत होत्या, पण त्यांनी कागदावर काय लिहिलं कुणास ठाऊक. बराच वेळ बटण दाबलं गेलं नाही तर चित्र आपोआप थांबायचं, त्यामुळे पाटी तासन्‌तास तशीच असायची आणि बाबा तिच्याकडे बघत शांत बसलेले असायचे. ते दृश्य बघून मला बरं वाटायचं. पण त्यांच्यापुरतं चित्र आता कधीच नीट येणार नव्हतं. मधलं सगळं त्यांच्या वाट्याला आलं होतं, आधी मुंग्या, मग नुसत्या सावल्या, आणि मी रोज खोलीत जाताना बघायचो की आज त्यातली माझी सावली ओळखतायत का. असं ते वर्षभर आमच्यातच राहिले. बायको मधूनच म्हणायची, बॉक्स परत करायचा राहिलाच. पण केला नाही आणि लावलाही नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. अँब्युलन्स आली, त्या गडबडीत मी अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांच्याबरोबर गेलो. वॉर्डात प्रत्येक पलंगाजवळ एका दांड्यावर छोटा टीव्ही होता, सगळं त्यातच बसवलेलं. बाबांचा बंद होता. त्या काळ्या चौकोनाकडे बघून ते ऑक्सिजनच्या नळ्या ओढू लागले, उठू लागले. नर्सनं बिचारीनं टीव्ही लावून दिला, पण परकी माणसं आणि परकी बोली बघून ते आणखीच घाबरे झाले. मी आपला त्यांचा हात धरून बसलो होतो. माझा सर्व्हर तिथं काही कामाचा नव्हता.

दुपारी बायको आली. तिची फार्मसी त्याच हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर. पण माझा फोन गेल्यावर ती आधी घरी जाऊन आली होती. तिनं पिशवीतून तो निळा कागद काढला, नर्सकडून पट्टी मागून घेतली आणि टीव्हीच्या पडद्यावर चिकटवला. कागद पडद्यापेक्षा थोडा मोठा होता, त्यामुळे फुलाचा कोपरा हवेत राहिला. बाबांनी बराच वेळ तिकडे पाहिलं. त्यांचे हात खाली आले.

"ड्यूटीवर कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मी आहे, बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोण हे त्यांना कळलं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. "मग मी निघतो घरी," ते म्हणाले. "तू बघशील ना?"

मी हो म्हणालो. त्यानंतर ते बोलले नाहीत, आणि दोन दिवसांनी गेले.

अंत्यविधीहून आम्ही परत आलो तेव्हा दिवस होता, पण बाबांच्या खोलीत पडदे ओढलेले होते आणि आत निळा उजेड पडला होता. अँब्युलन्सच्या गडबडीत टीव्ही कुणी बंदच केला नव्हता आणि त्यानंतर त्या खोलीत कुणी गेलंही नव्हतं. बराच वेळ बटण दाबलं गेलं नाही तर चित्र थांबवायचं असं मीच लिहून ठेवलं होतं, त्यामुळे पडद्यावर पाटी होती. आम्ही तिघं हॉस्पिटलात आणि मग क्रिमेटोरियममध्ये असताना ती रिकाम्या खुर्चीसमोर तशीच लागून राहिली होती. बायको दारातच थांबली. मुलीनं माझा कोट धरून हळूच विचारलं, आजोबांची पाटी अशीच ठेवायची का. मला ठेवायची होती. कायमची ठेवायची होती. मी बाबांच्या खुर्चीत बसलो आणि त्या अक्षरांकडे बघत राहिलो, आणि मनात आलं की अजून थोडा वेळ बसलं तर काय बिघडतंय.

मग मला ते मास्तर आठवले.

मी खाली गेलो, कुलूप काढलं आणि जिन्याखालच्या कपाटात गुडघ्यांवर बसलो. पेटी गरम होती. रीतसर आज्ञा देऊन मी सर्व्हर बंद केला, जसा करायचा असतो तसा. पंखा थांबेपर्यंत तळवा पेटीवर ठेवला. वरून मुलीनं सांगितलं की पाटी गेली, टीव्ही काळा झाला. मग मी भिंतीवरची चिकटपट्टी काढली आणि बटण बंद केलं.